कडी आतल्या बाजूने

वहिनींना बंगला नको होता, दागिना नको होता, परदेशवारीसुद्धा नको होती. त्यांना हवा होता दिवसातला एक तास, दुपारी चार ते पाच, आणि तोही एकटीला. त्या तासात काय करणार, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: "काही नाही." पुढचा सगळा घोळ या 'काही नाही'नेच घातला.

बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसतात, सकाळी साडेसात ते दुपारी तीन. समोर काच, काचेला एक अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून साडेसात तास एकच प्रश्न आत येत असतो: "रिपोर्ट आला का?" विचारणारी निम्मी माणसं उपाशीपोटी आलेली, त्यामुळे खेकसूनच विचारणार. वहिनींनी मात्र हसत सांगायचं. घरी आल्यावर प्रश्न तितकेच असतात, फक्त मध्ये काच नसते.

घरात वहिनी धरून माणसं पाच. वहिनींचे अहो, नववीतली थोरली, दुसरीतला धाकटा आणि सासूबाई. पाचही जणं तशी सरळ, कुणी कुणाचा छळ करत नाही. पण या घराला एक खोड आहे. वहिनी डोळ्यांसमोर असल्या की कुणाला काही लागत नाही, आणि वहिनी दिसेनाशा झाल्या की सगळ्यांना सगळंच लागतं.

आतून कडी असलेली जागा घरात एकच, बाथरूम. वहिनी तिथे गेल्या की घराला कंठ फुटतो. "आई, माझी निळी वही कुठंय?" "अगं, गॅसवर काय ठेवलंयस? वास येतोय!" "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" अहोंचा चष्मा त्या वेळी अहोंच्याच कपाळावर असतो, पण ते वहिनींनी दाराआडून ओळखून सांगायचं. एका सकाळी तर कमालच झाली. धाकट्याने दाराखालच्या फटीतून प्रगतिपुस्तक आत सरकवलं, सहीसाठी. पाठोपाठ पेन सरकवलं. वहिनींनी तोंडात ब्रश धरून सही केली आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की बस्स झालं.

स्वयंपाकघराच्या मागे एक अडगळीची खोली होती, सहा फूट बाय पाच फूट. वर एक झरोका, एक दिवा, बाकी मोडका पंखा, धाकट्याची जुनी तीनचाकी आणि अहोंचे उरलेल्या रंगांचे डबे. दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती, कारण अडगळ काही आतून कडी लावत नाही. वहिनींनी दोन संध्याकाळी खपून खोली आवरली, एक वेताची खुर्ची आत बसवली आणि रात्री जेवताना विषय काढला.

"अडगळीच्या खोलीला आतून कडी बसवून हवीय मला."

"आतून?" अहो म्हणाले. "आतून कशाला?"

"रोज तासभर आत बसायचंय."

"आणि काय करणार आत?"

"काही नाही."

अहोंनी हातातला घास ताटात ठेवला. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार त्यात? मला नुसतं बसायचंय."

"मग हॉलमध्ये बस ना. सोफा आहे चांगला तीन माणसांचा."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, "तीन माणसांचा आहे."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आम्ही नाही हो कधी कड्या लावून बसलो. चार पोरं वाढवली, दारं सताड उघडी टाकून." थोरलीने ध्यान करायचं असेल तर मोबाइलवर चांगले व्हिडिओ असल्याचं सांगितलं, आणि धाकट्याने एकच प्रश्न विचारला: "मी पण येऊ आत?"

शेवटी अहो मोठ्या मनाने म्हणाले, "बरं बाई, बसवू कडी. कडी आणायची, चार स्क्रू पिळायचे. पाच मिनिटांचं काम!" अहोंच्या पाच मिनिटांच्या कामांचा इतिहास घरात सगळ्यांना पाठ होता. बाथरूममधली फळी अशीच पाच मिनिटांची. तिच्यावर साबण ठेवला की तो आपण होऊन बादलीत जातो. वहिनी म्हणाल्या, "आपण सुतार बोलावू."

सुतार आला. त्याने दार बघितलं, चौकट बघितली, कानामागची पेन्सिल काढली. मग त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली आणि पेन्सिल पुन्हा कानामागे गेली. त्या भिंतीवर पाण्याचा जाडजूड पाइप होता आणि त्याला एक लाल चाकाचा व्हॉल्व्ह. वरच्या-खालच्या पाचही घरांचं पाणी तिथून बंद करता येतं.

"ताई, सोसायटीचं पत्र आणा. मग कडी."

"अहो, माझ्या घरातल्या माझ्या दाराला कडी!"

"दार तुमचं, व्हॉल्व्ह सगळ्यांचा. मागे खालच्या मजल्यावर मी न विचारता एक खुंटी मारली होती. सेक्रेटरीसाहेबांनी महिनाभर मला लिफ्टमध्ये हत्यारं नेऊ दिली नाहीत. गुडघे अजून बोलतात माझे." एवढं बोलून तो गेला, आणि इथे पहिलं घोडं अडलं.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त गृहस्थ. सगळी नोकरी त्यांनी एका कचेरीच्या अभिलेख विभागात काढली. निवृत्तीनंतर कुणाला बागेचा नाद लागतो, कुणाला नातवंडांचा, यांना फाइलींचाच राहिला. सोसायटीचा कारभार चोख आहे, यात वाद नाही. लिफ्टचा दिवा बदलला तरी त्याची नोंद तीन ठिकाणी सापडते. त्यांनी वहिनींना 'अंतर्गत बदलाचा अर्ज' दिला. वहिनींनी तो तिथेच भरला. सहाव्या रकान्यात 'बदलाचे प्रयोजन' होतं. वहिनींनी लिहिलं: बसणे.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "बसणे हे प्रयोजन होत नाही, वहिनी."

"मग काय होतं?"

"साठवण होतं. अभ्यास होतं. शिवणकाम होतं."

"मी शिवणार नाहीये."

"शिकवण्या घेणार आहात? पार्लर? आधी सांगा, कारण व्यावसायिक वापर असेल तर अर्ज वेगळा, रंगही वेगळा."

"काही नाही हो. मी आत जाऊन काहीही करणार नाही."

"तसं लेखी द्याल?"

वहिनींनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'मी सदर खोलीत काहीही करणार नाही', आणि खाली सही केली. सेक्रेटरींनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांचं समाधान होईना. काही करणाऱ्या माणसावर लक्ष ठेवता येतं, काही न करणाऱ्यावर कसं ठेवायचं? अखेर बराच विचार करून त्यांनी स्वतःच्या हाताने सहाव्या रकान्यात लिहिलं, 'विश्रांती (मर्यादित)'. मग म्हणाले, "आता याच पाइपवरच्या बाकीच्या चार घरांच्या सह्या आणा."

सह्या आणायला जाणं म्हणजे फुकट सल्ल्यांची झोळी घेऊन फिरणं. खालच्या काकांनी वहिनींना बसवून घेतलं आणि दार बंद करून बसण्याचे हृदयावर होणारे परिणाम समजावून सांगितले. "त्यापेक्षा माझ्यासारखं चालायला जा. रोज दोन तास चालतो. डोकं कसं मोकळं होतं!"

"तुम्ही चालायला जाता तेव्हा घरी कोण असतं, काका?"

"ही असते ना!" काका म्हणाले आणि त्यांनी सही केली. आतून भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. त्यांनी एक प्रश्न न विचारता सही केली. फक्त दार लावता लावता हळूच म्हणाल्या, "कडी बसली की मला सांगा हं, कुठून आणली ते."

आणि समोरच्या काकू. काकूंच्या सहीची काही गरजच नव्हती, त्यांचा पाइप वेगळा. पण आपल्याला वगळून बिल्डिंगमध्ये काही घडावं हे त्यांना खपत नाही. वहिनींना दारातच गाठून त्यांनी आवाज खाली आणला. "मला खरं सांग. भांडण झालं ना?"

"नाही हो काकू."

"लपवू नकोस. अगं, भांडण झालं की बायका माहेरी जातात, अडगळीत नाही जात! बरं, ते राहू दे. एकटीने बसू नकोस आत, नको नको ते विचार येतात डोक्यात. मी येत जाईन चार वाजता. दोघी मिळून बसू."

दोन दिवसांत बिल्डिंगभर झालं. कुणी म्हणे वहिनी पार्लर काढतायत, कुणी म्हणे पुस्तक लिहितायत. लॅबमध्येसुद्धा बातमी पोहोचली. काचेच्या भोकातून एक आजोबा "रिपोर्ट आला का?" विचारून झाल्यावर म्हणाले, "आणि सह्या झाल्या का?" वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका तासाच्या एकांतासाठी आपण अख्ख्या गावाला घरात घेऊन बसलो, असं त्यांना वाटलं. दोनदा तर त्यांनी अर्ज मागे घ्यायचं ठरवलं, आणि दोन्ही वेळा बाथरूमच्या दाराखालून काहीतरी आत सरकलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. परवानगी मंजूर, तीन अटींवर. एक, कडी जमिनीपासून पाच फुटांवर असावी, लहान मुलाचा हात पोचू नये. दोन, व्हॉल्व्हची गरज पडल्यास दार पाच मिनिटांत उघडले जावे. तीन, एकदा कडी बसवल्यावर सहा महिने दरवाजात कोणताही बदल समितीच्या मंजुरीवाचून करू नये. वहिनींनी पहिल्या दोन अटी वाचल्या आणि तिसरीकडे आनंदाच्या भरात नीट पाहिलंच नाही.

कडी आणायला अहो स्वतः गेले. सुतार म्हणाला होता, एवढी बोटभर आणा. अहो आले ते हातभर लोखंड घेऊन. गोदामाच्या दाराला लावतात तसली, अंगठ्याएवढ्या जाड दांड्याची. "दुकानदार म्हणाला, हत्तीने धडक मारली तरी उघडणार नाही!"

"अहो, मला हत्तीपासून लपायचं नाहीये," वहिनी म्हणाल्या, पण आता परत कोण जाणार? सुताराने शनिवारी ती कडी बसवली. पातळसं दार आणि त्याच्यावर ते धूड, नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसला प्रकार. पण सरकत होती मात्र अशी, की एका बोटाने लावावी आणि एका बोटाने काढावी. वहिनींनी चारदा लावून-काढून पाहिली. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

आता इथे अहोंची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. अहोंचं बायकोवर प्रेम आहे. फक्त ते व्यक्त करायचं त्यांचं साधन म्हणजे ऑइलपेंट. रविवारी हातात ब्रश आला की त्यांना राहवत नाही. घरातलं स्टूल हिरवं, बादलीची कडी हिरवी, तळणीच्या झाऱ्याची मूठसुद्धा हिरवी, कारण काही वर्षांपूर्वी गॅलरीचा कठडा रंगवून एक मोठा डबा उरलाय आणि तो संपता संपत नाही. तर रविवारी सकाळी वहिनी बाजारात गेल्या असताना अहोंनी गुपचूप ती कडी रंगवली. एक हात दिला. वाळायच्या आत दुसराही दिला. गंजायला नको म्हणून आणि बायकोला आश्चर्याचा धक्का म्हणून.

चारला पाच मिनिटं कमी असताना वहिनींनी चहाचा कप घेतला आणि घरच्यांसमोर उभ्या राहिल्या. "मी आता पाचपर्यंत नाहीये. वह्या कपाटात, चष्मे डोक्यावर, खाऊ डब्यात. काही राहिलं?" सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी आत गेल्या, दार लावलं. कडीचा हिरवा रंग पाहून त्यांना हसूच आलं. दांडा जरा जड गेला, चिकट लागला, पण वहिनींनी खांदा लावून ढकलला आणि खट्टकन बसला.

खुर्चीत बसून त्यांनी पाय लांब केले. पाइपमधून पाणी वाहिल्याचा बारीक आवाज येत होता. झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा समोरच्या भिंतीवर पडला होता. वहिनींनी चहाचा घोट घेतला. चहा गरम होता! गरम चहा शेवटचा कधी प्यायला होता तेच त्यांना आठवेना. कुणी हाक मारली नाही. कुणी काही मागितलं नाही. वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पुसायचीही घाई नव्हती.

हे सुख सात मिनिटं टिकलं.

चार वाजून सात मिनिटांनी दाराची बेल वाजली. सेक्रेटरी आले होते. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ. "अट क्रमांक दोनची तपासणी," त्यांनी अहोंना सांगितलं, आणि सरळ अडगळीच्या खोलीपाशी जाऊन दारावर दोनदा टकटक केली. "वहिनी, व्हॉल्व्हची गरज पडली आहे असं समजा. पाच मिनिटं. सुरू!"

वहिनींना असा संताप आला म्हणता! पण परवानगी जायला नको म्हणून त्या उठल्या, कडीला हात घातला आणि ओढली. कडी हलली नाही. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली. तळवे हिरवेगार झाले, पण दांडा मेला तसूभर सरकेना. रंगाने त्याला घट्ट धरला होता.

"उघडत नाहीये!" वहिनी ओरडल्या.

त्यानंतर दाराबाहेर जे माजलं ते काय सांगावं. "वर उचलून ओढ!" अहो ओरडले. "वर नाही, डावीकडे! म्हणजे तुझ्या डावीकडे! थांब, माझ्या डावीकडे!" कडी कशी आहे हे त्यांना दिसत नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. काकू बेल न वाजवताच आत आल्या होत्या. "मी म्हटलं होतं, एकटीने बसू नको!" आरडाओरडा ऐकून वर आलेल्या खालच्या काकांनी सुचवलं की वहिनींनी खोल श्वास घ्यावा आणि जागच्या जागी चालावं. धाकटा दाराखालच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "आई, तू आता कायमची आत राहणार?" वहिनी म्हणाल्या, "नाही रे राजा." तो म्हणाला, "मग फ्रिजमधला तुझा केक मी खाऊ का?"

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "काय रे, सकाळी तू ब्रश घेऊन तिकडे काय करत होतास?"

"दोन हात दिले," अहो अगदी बारीक आवाजात म्हणाले. "गंजायला नको म्हणून."

"पाच मिनिटं संपली," सेक्रेटरींनी सांगितलं आणि नोंद केली.

अहोंनी बाह्या सरसावल्या. "बाजूला व्हा. मी दार तोडतो."

"थांबा! अट क्रमांक तीन. सहा महिने दरवाजात बदल करता येणार नाही. दार तोडणं हा बदल आहे."

"अहो, माझी बायको अडकलीय आत!"

"म्हणूनच तातडीची सभा बोलावतो. समितीचे चार जण आले तरी पुरे. ठराव झाला की लगेच तोडा, माझी काही हरकत नाही. तोवर सुताराला फोन करा."

सुतार गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं कपाट बसवत होता. सहापर्यंत येतो म्हणाला. मग मंडळी सभेसाठी हॉलकडे वळली आणि वहिनी आत एकट्या उरल्या, हिरव्या हातांनी.

खोटं कशाला सांगायचं, त्यांना रडू आलं. भीतीचं नव्हे, अपमानाचं. अकरा दिवस वणवण केली, आजोबांपासून काकूंपर्यंत सगळ्यांची बोलणी ऐकली, आणि मिळाली सात मिनिटं! आता उद्या ही कडी निघणार आणि 'हौस फिटली का' हे जन्मभर ऐकावं लागणार. त्यांनी डोळे पुसायला काही मिळतंय का म्हणून भिंतीवरच्या जुन्या फळीवर हात फिरवला. जुन्या शिवणयंत्राचं झाकण हाताला लागलं. झाकणाखाली फडकं होतं आणि फडक्यात गुंडाळलेली तेलाची लहानशी बुधली, बारीक चोचीची.

वहिनींनी बुधलीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. खुर्चीवर चढून दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल सोडलं, थोडी वाट पाहिली, मग फडक्याने दांडा धरून हळूहळू पिळला. रंगाचा पापुद्रा तडकला आणि खट्ट! कडी उघडली.

त्यांनी दार लोटायला हात टेकवला, तोच हॉलमधून आवाज आला.

"चहाची पत्ती कुठंय?" हे अहो.

"माहीत नाही. आईला विचारा," थोरली म्हणाली.

"आईला कसं विचारणार? ती अडकलीय!"

"मग शोधा."

फडताळं उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. आणि मग अहोंची आरोळी, "सापडली! गॅसच्या शेजारीच आहे की! इथे केव्हापासून ठेवायला लागलात?"

"सोळा वर्षांपासून," वहिनी आतल्या आत पुटपुटल्या. त्यांचा दारावरचा हात आपोआप खाली आला. बाहेर धाकटा गृहपाठ विचारत होता आणि थोरली त्याला चक्क सांगत होती. अहो काकांना विचारत होते, साखर किती घालू. सगळ्यांना सगळं सापडत होतं! वहिनींनी श्वास रोखला आणि दांडा हलकेच परत सरकवला. तेल लावलेला तो, लोण्यासारखा सरकला. पण बसताना खट्ट झालंच.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

"उघडली ना कडी?" सासूबाईंचा आवाज होता, अगदी खालच्या पट्टीतला. त्या खुर्ची घेऊन दाराला लागूनच बसल्या असाव्यात. "दोनदा ऐकलं मी. एकदा उघडल्याचं आणि एकदा लावल्याचं."

खोटं बोलणं जमेना. "हो, आई. येते मी बाहेर."

"कशाला? सुतार यायला अजून तास-सव्वातास आहे. बस आत." मग सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना बोलले ना मी, दारं सताड उघडी टाकून चार पोरं वाढवली म्हणून? दारं लावायची सोयच नव्हती गं. दोन खोल्या आणि नऊ माणसं. मी भर दुपारी पाणी तापवायच्या बंबाआड जाऊन उभी राहायचे. उगीच. बंबाला टेकून. सासूबाई विचारायच्या, काय करतेस तिथे? मी म्हणायचे, लाकूड सारते."

या बाईला आपण सोळा वर्षं चहा देतोय आणि हे आपल्याला ठाऊकच नाही! त्यांनी कडीला हात घातला. "आई, तुम्ही या ना आत. दोघी बसू."

"अगं, दोघी बसलो तर एकटं कसं व्हायचं? सरक मागे. गप्प बस."

तेवढ्यात धाकट्याची पावलं दाराकडे धावत आली. "आई! आई, माझा..."

"शूऽऽ!" सासूबाई कडाडल्या. "आत हवा कमी आहे. ती बोलली की आणखी कमी होते. संपवायचीय का आईची हवा? काय हवंय ते बाबाला विचार. आणि सगळ्यांना सांग, दाराशी कुणी यायचं नाही!" झरोका होता, भरपूर हवा होती, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग मात्र घराने वहिनींची हवा जपली. एक तास दहा मिनिटं कुणी त्यांना हाक मारली नाही. वहिनींनी या वेळात काय केलं? चहा संपवला. हात फडक्याला पुसले. भिंतीवरचा उन्हाचा तुकडा वर सरकताना पाहिला. लहानपणची एक मैत्रीण आठवली, तिच्या घरचा झोपाळा आठवला. मग तेही आठवणं थांबलं आणि नुसतं छान वाटत राहिलं. छातीवर कित्येक वर्षं कुणीतरी पिशव्या ठेवून गेलं होतं आणि आत्ता येऊन एकेक उचलून नेतंय, असं हलकं.

सहा वाजता सुतार आला. हॉलमध्ये तिसरा चहा आणि ठरावाचा दुसरा मसुदा चालू होता. सुताराने दारावर हात ठेवला. "ताई, एकदा ओढून बघा बरं." वहिनींनी ओढली आणि दार उघडलं. बाहेर टाळ्या पडल्या. सुताराने दांड्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल पाहिलं, फळीवरची बुधली पाहिली, वहिनींचा चेहरा पाहिला. मग बोट पँटला पुसत म्हणाला, "रंग चढला की धरतं असं. संध्याकाळी हवा गार झाली की सुटतं कधीकधी."

अहोंनी धावत येऊन वहिनींचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "घाबरलीस ना खूप? चूक माझीच. आता पहिलं काम म्हणजे ही कडी उखडून फेकून द्यायची. सुतार, स्क्रूड्रायव्हर द्या इकडे."

वहिनींची पंचाईत झाली. नको म्हणावं तर सव्वातासाचं बिंग फुटणार, हो म्हणावं तर सगळंच गेलं. सेक्रेटरींनी फाइल उघडली, पण त्यांच्या आधी सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी मुलाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"कडीला हात लावायचा नाही. उद्या चार वाजता मी जाणार आहे आत."

"तू?" अहो चाट पडले. "आई, तू काय करणार आत?"

"तुला रे काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी पेन उघडलं, सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि पेन बंद करून खिशाला लावलं. वहिनी तर बघतच राहिल्या. अर्ज, प्रयोजन, चार घरांच्या सह्या, 'काहीही करणार नाही' असं लेखी! आणि या प्रश्नाला इतकं साधं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला सासूबाई आत गेल्या आणि कडी लावली. वहिनी दाराबाहेर हिरव्या स्टुलावर बसल्या. धाकटा येऊन परत गेला, काकू येऊन परत गेल्या, अहोंचा ऑफिसातून फोन आला, त्यांना वहिनींनी "मग करते" म्हणून सांगितलं. पाच वाजले. वहिनींनी दार वाजवलं नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी सासूबाई बाहेर आल्या. केस थोडे विस्कटलेले, गालावर वेताच्या खुर्चीच्या खुणा.

"माझी वीस मिनिटं जास्त झाली गं," त्या जांभई देत म्हणाल्या. "उद्या तू वीस मिनिटं उशिरा निघ बाहेर. पोरांचं मी बघते."